आजीच्या मोत्यांच्या कुड्या

माझ्या नातीचे कान लहानपणी टोचले नव्हते. "मोठी झाली की तिचे ती ठरवील," असे मुलाचे व सूनबाईंचे मत होते. मी त्यात पडलो नाही. यंदा दहावे वर्ष लागताच तिनेच हट्ट धरला आणि प्रश्न उभा राहिला : कानात घालायचे काय?

माझे उत्तर तयार होते. माझ्या दिवंगत पत्नीच्या मोत्यांच्या कुड्या लॉकरमध्ये होत्या. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला पगारातून शिल्लक टाकून मी त्या घेतल्या होत्या. मोठ्या हौसेने मी त्या घरी आणल्या.

सूनबाईंनी व्यवहाराची बाजू मांडली. कुडी जड, ताज्या छिद्रावर भार नको. पाळीचे छिद्र भरून यायला 6 ते 8 आठवडे लागतात. नकली धातूत निकेल असेल तर कान खाजतो, चिघळतो. टायटॅनियमला ती भीती नाही. चांदी काळवंडते. फिरकीचे टॉप्स घट्ट बसले तर सुजलेल्या पाळीला जागा उरत नाही. बाळीला ती मोकळीक असते, मात्र ती केसांत अडकते. 22 कॅरेट सोने मऊ खरे, पण त्यात 91.6 टक्के शुद्ध सोने असते. कानाला ते सहसा सोसते.

"मग कुड्या नंतर घालू," मी म्हणालो.

नातीने कुडी हातात घेऊन विचारले, "आजोबा, मोती शिंपल्यातून काढतात ना? मग आतल्या जिवाचे काय होते?"

मी निरुत्तर झालो. पूर्वी एका मोत्यासाठी समुद्रतळाचे कितीतरी शिंपले फोडले जात. आज शिंपल्यात बीज रोवून मोती वाढवतात. तो काढताना आतला जीव बहुधा मरतोच. कोशातील किड्यांसाठी आमच्या घरात रेशीम वर्ज्य आहे. मग मोत्याचा विचार इतकी वर्षे माझ्या मनाला का शिवला नाही?

बँकेत सोनेतारण कर्ज देताना सराफ दागिन्यातील खडे व मोती यांचे वजन वजा करून निव्वळ सोन्याचे मूल्य काढी. असंख्य वेळा मी त्या आकड्याखाली सही केली. वजा झालेल्या मोत्याचाही कधी जीवाशी संबंध होता, हे त्या हिशेबात कोठेच नव्हते. सोन्यासाठीही खाणी खोदाव्या लागतात. पूर्ण निर्दोष अलंकार कदाचित नसेलच. तरी जे टाळता येते, ते टाळणे आपल्या हाती आहे.

सोनाराने बारीक सोन्याच्या तारेने कान टोचले. एकदाच डोळ्यांत पाणी आले, मग आरशासमोरून ती हलेना. छिद्रे भरली की साध्या बाळ्या घालायच्या, हे तिनेच ठरवले. घरात नवे मोती घ्यायचे नाहीत, हे आम्ही सर्वांनी मिळून ठरवले.

कुड्या पुन्हा लॉकरमध्ये गेल्या. त्या मोडून सोने करावे, असे एकदा मनात आले. धीर झाला नाही. त्यांत एका जिवाची हिंसा आहे आणि एका माणसाची आठवणही. परिग्रह सोडणे वस्तूंपेक्षा आठवणींच्या बाबतीत अधिक कठीण असते, हे निवृत्तीनंतर मला नातीने शिकवले.