आधी प्रत, मग पाठ

जूनमध्ये महाविद्यालय उघडले आणि आमच्या मराठी विभागातील संगणकाने मान टाकली. बटण दाबले की विंडोजचे चिन्ह उमटे, काही वेळ घुटमळे, मग निळा पडदा. आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. शिंदखेड्याचा उन्हाळा, येणारी-जाणारी वीज आणि दाराच्या फटीतून शिरणारी धूळ यांच्यापुढे यंत्र ते किती टिकणार? परंतु या यंत्राच्या पोटात आम्हां दोघांची दहा वर्षांची मिळकत होती : विद्यार्थ्यांनी बुराईच्या आणि पांझरेच्या काठच्या गावांतून गोळा केलेल्या अहिराणी ओव्या, कानबाईची गाणी, त्यांची ध्वनिमुद्रणे. गाणाऱ्या आजींपैकी काही आज हयात नाहीत. दुसरी प्रत नव्हती.

हे लिहिताना संकोच वाटतो. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढणारे आणि पुढे जन्मभर दप्तरे शोधत गावोगाव हिंडणारे राजवाडे आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. १९२६च्या अखेरीस ते धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळही तेथेच आहे. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. घरातल्या माणसांनी गाणी वेळीच टिपून ठेवली, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने निघू शकली, हेही आम्ही सांगतो. इतरांनी केलेल्या जतनाचे गोडवे गाणाऱ्या आम्ही स्वतःचे दप्तर मात्र एका तबकडीच्या भरवशावर सोडले होते.

दुरुस्ती करणाऱ्याने निदान केले, 'फॉरमॅट मारावा लागेल. विंडोज नवी टाकून देतो, पण डाटा जाईल.' आम्ही जवळजवळ होकार दिला होता. तेवढ्यात आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. बी. ए. मराठीच करून तो आता संगणकाच्या कामावर पोट भरतो. त्याने पहिली गोष्ट केली ती संगणक बंद करण्याची. 'मॅडम, सर, आता हा पुन्हा चालू करू नका.'

कारण त्याने समजावून सांगितले. विंडोज सुरू होताना त्याच तबकडीवर काही ना काही लिहीत असते. आणि दुरुस्तीचा प्रयत्न करू लागली तर अधिकच. जीर्ण पोथी पुनःपुन्हा उघडून आपणच तिची पाने मोडावीत, तसे ते होते. त्याच्या खिशातल्या पेनड्राइव्हवर लिनक्स होते. ही प्रणाली तबकडीवर न बसवताही चालते : पेनड्राइव्हवरून संगणकाच्या स्मृतीत उतरते आणि आजारी तबकडीला हात न लावता तिच्याकडे नुसते पाहू शकते. फायली उघडण्याची आम्हांला घाई झाली होती. तो म्हणाला, 'आधी प्रत.'

प्रत करणाऱ्या आज्ञावलीचे नाव डीडीरेस्क्यू. तिची रीत पाहून आम्ही चकित झालो. ती अडलेल्या जागी अडून बसत नाही. जे सहज वाचता येते ते आधी उतरवून घेते, बिघडलेली ठिकाणे ओलांडून पुढे जाते आणि शेवटी त्या ठिकाणांकडे परत येऊन थोडे थोडे खरवडून काढते. कोठे वाचता आले आणि कोठे नाही, याची नोंद एका वेगळ्या फायलीत ठेवते. जे वाचता आले नाही तेथे पदरचे काही भरत नाही. प्रामाणिक संपादक 'येथे पान फाटले आहे' असे लिहितो, तेच हे! रात्री वीज गेली तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. पण नोंदीची फाइल बाहेरच्या तबकडीवर होती, त्यामुळे सकाळी काम थांबले होते तेथूनच पुढे सुरू झाले. ३२० जीबीच्या तबकडीला जवळजवळ दोन दिवस लागले.

मग मूळ तबकडी बाजूला ठेवून प्रतीवर काम सुरू झाले. बहुतेक फायली नावांसह मिळाल्या. उरलेल्या फोटोरेक नावाच्या आज्ञावलीने त्यांच्या घडणीवरून ओळखून काढल्या. मात्र त्यांची नावे गेली होती. लोकसाहित्याच्या अभ्यासकांना निनावीपणाचे वावडे नसावे, असा विनोद आम्ही केला खरा; परंतु कोणती ओवी कोणत्या गावची, हे पुन्हा जुळवताना डोळ्यांत पाणी आले. जुन्या फॉन्टात टंकलेले मजकूरही सगळी चिन्हेच चिन्हे दिसत होते. तो फॉन्ट मिळेपर्यंत, मोडी न येणाऱ्याने दप्तराकडे पाहावे तसे आम्ही त्यांच्याकडे पाहत राहिलो. अक्षरे वाचली म्हणजे मजकूर वाचला असे नव्हे.

यात चमत्कार नाही. तबकडी आतून खडखडत असती तर ती ताबडतोब बंद करून तज्ज्ञाकडे पाठवणे एवढेच हाती होते, असे त्या विद्यार्थ्याने बजावले. प्रत हीच खरी दुरुस्ती, आणि ती यंत्र धडधाकट असतानाच करायची.

एक ध्वनिमुद्रण अपुरे राहिले. जात्याची घरघर ऐकू येते, आजी दोन ओव्या गातात, अडखळतात आणि हसून म्हणतात, 'थांब बेटा, इसरी गऊ मी.' त्यानंतर पोकळी आहे. त्यांना पुढची ओवी आठवली होती. तेव्हा आम्ही तेथेच बसलो होतो. पण ती कोणती, हे आता आम्हांलाही आठवत नाही. नव्या नोंदवहीत त्या जागी आम्ही 'त्रुटित' असे लिहिले आहे. त्या वहीच्या तीन प्रती आहेत, आणि त्यांतली एक त्या विद्यार्थ्याच्या घरी असते.