पंचही आपणच!

मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा सणसवाडीला आमच्याकडे आला, तो आपला व्हिडिओ गेम पाठीवरच्या पिशवीत घेऊनच. आणि खेळ कुठला, तर बेसबॉलचा! "अरे, क्रिकेट सोडून हे काय?" असं मी म्हटलं, तर त्याने मला शेजारी बसवूनच घेतलं. पडद्यावर एक नकाशा होता. त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं. शेजारचं एकेक घर जिंकत पुढे सरकायचं. एखाद्या संघाचा किल्ला आला, की संगणकाशी तीन डावांचा छोटा सामना खेळायचा. सगळा कारभार एकट्याचा.

"मामा, सगळीकडे थोडं थोडं बळ वाटायचं नाही. जिथे लढाई, तिथेच जमवायचं," त्याने मला युक्ती सांगितली. मला पटलीसुद्धा. पण तेवढ्यात सामन्यात तो मागे पडला आणि पठ्ठ्याने झटकन खेळ बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू केला!

"हे रे काय?"

"चालतं हो मामा. एकट्याचाच तर खेळ आहे. कोण बघतंय?"

मी काही बोललो नाही. कारण मला १९९६ सालचा मार्च महिना आठवला.

तेव्हा मी सातवीत होतो. वडील इथल्याच एका कारखान्यात पाळीवर जायचे. नगर रस्त्यावरच्या ट्रकांमुळे मला एकट्याला पलीकडे खेळायला जाऊ देत नसत. मग उरला एकच खेळ, बुक-क्रिकेट! तुमच्या आई-बाबांना विचारा, त्यांनीही वर्गात मागच्या बाकावर हा खेळ खेळलेला असणार. पुस्तक मध्येच उघडायचं आणि डावीकडच्या पानाचा शेवटचा आकडा बघायचा. हा आकडा नेहमी सम असतो. २, ४, ६ म्हणजे तेवढ्या धावा. ८ म्हणजे एक धाव. शून्य आलं की गडी बाद!

या खेळातही युक्त्या असतात बरं का! समजा, पाच वेळा पुस्तक उघडलं आणि पाचही आकडे एकेकदा आले. २, ४, ६ आणि १ मिळून १३ धावा आणि एक गडी बाद. म्हणजे सरासरी एका गड्यामागे १३ आणि दहा गड्यांच्या १३० धावा. हे गणित मी वहीच्या मागच्या पानावर स्वतः काढलं होतं, आणि त्या दिवशी मला गणित पहिल्यांदाच आवडलं होतं.

दुसरी युक्ती पुस्तक निवडण्याची. १२८ पानांच्या पुस्तकात सम पानं ६४. त्यांपैकी शून्यावर संपणारी १२. पण ४८ पानांच्या पुस्तकात सम पानं २४ आणि शून्याची फक्त ४. म्हणजे सहात एकदाच बाद! ज्या पुस्तकाचं शेवटचं पान आठवर संपतं, ते फलंदाजाच्या सोयीचं. पुस्तक जितकं बारीक, तितकी सोय जास्त.

तिसरी युक्ती मला ठाऊक होती, पण मी ती कुणाला सांगितली नव्हती. आमच्या इतिहासाच्या पुस्तकाची शिलाई ३६व्या पानाशी उसवली होती. बोट जरा सैल सोडलं, की पुस्तक नेमकं तिथेच उघडायचं. षटकार!

१३ मार्च १९९६. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना. श्रीलंकेने २५१ धावा केल्या होत्या. आपण १ बाद ९८ पर्यंत मजेत होतो. मग ६५ धावांवर सचिन यष्टिचीत झाला आणि बघता बघता ८ बाद १२०! प्रेक्षकांनी गोंधळ घातला, खेळ थांबला आणि सामना श्रीलंकेला बहाल झाला. शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोरून आम्ही मुलं मुकाट्याने उठलो.

दुसऱ्या दिवशी मी वही घेतली. १ बाद ९८ पासून सामना पुन्हा सुरू. हव्या होत्या १५४ धावा, हाताशी नऊ गडी. माझ्या गणिताने नऊ गड्यांच्या ११७ होत होत्या. मी चार वेळा खेळलो, चारही वेळा हरलो. पाचव्या वेळी मी बोट सैल सोडलं. भारत जिंकला! वही घेऊन मी धावतच वडिलांकडे गेलो.

ते नुकतेच रात्रपाळीहून आले होते. चहा पिता पिता त्यांनी वही वाचली. मी शहाणा, प्रत्येक चेंडूपुढे पानाचा आकडा लिहीत असे! "३६, ३६, ३६... अरे, हा सामना एकाच पानावर झाला वाटतं?" माझे कान गरम झाले. वाटलं, आता ओरडा बसणार. पण ते एवढंच म्हणाले, "एकट्याच्या खेळात फलंदाज तू, गोलंदाज तू आणि पंचही तूच. पंचच फितूर झाला, तर तू जिंकलास कुणाला?"

मी ते पान फाडलं नाही. त्यावर आडवी रेघ मारली आणि न उसवलेलं जाड पुस्तक घेतलं. पुढे कितीतरी दिवस हरत राहिलो. मग एका दुपारी, दोन गडी राखून, भारत खरोखर जिंकला. बघायला घरात कुणी नव्हतं. तरी मी उडी मारली!

पुढे मोठेपणी कळलं, की अमेरिकेतही असे खेळ आहेत. हॅल रिचमन यांनी १९६१ साली फासे आणि पत्ते घेऊन खेळायचा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हा बेसबॉलचा खेळ बाजारात आणला. त्यात प्रत्येक खेळाडूचा पत्ता त्याच्या खऱ्या कामगिरीवरून बनवतात. लहानपणी मीही तेच करत होतो की! शेवटच्या चार फलंदाजांना आठ आला तरी बाद द्यायचो. मग त्यांची सरासरी होते फक्त ६.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, एखादं जाड पुस्तक आहे का?"

मी शब्दकोश दिला. त्याचा अख्खा संघ ८७ धावांत गारद झाला. चेहरा पडला होता, पण त्याने वहीत आकडा लिहिला तो पेनने.

"पेन्सिल घे ना," मी मुद्दाम म्हटलं.

"नको," तो म्हणाला, "पेन्सिलचं खोडता येतं."