शंभर दिवसांचं घोडदळ

डेन्व्हरहून ईड्सकडे निघालं की डोंगर मागे पडतात आणि नजर पोचेल तिथवर गवत. सँड क्रीकला, १८६४च्या हत्याकांडाच्या जागी, जायचं बरेच दिवस मनात होतं. शेवटचा रस्ता खडीचा. पायवाटेनं उंचवट्यावर गेलो. खाली कॉटनवूडची झाडं, ओढ्याचं कोरडं, वाळूचं पात्र. तिथे उतरायला पर्यटकांना मनाई आहे, आणि ती योग्यच वाटली.

१८६४च्या उन्हाळ्यात डेन्व्हरजवळ एका गोऱ्या कुटुंबाची हत्या झाली. त्यांची प्रेतं शहरात लोकांपुढे मांडली गेली आणि लोक बिथरले. नेहमीचं सैन्य यादवी युद्धात गुंतलेलं. मग गव्हर्नर जॉन इव्हान्सनं वॉशिंग्टनची परवानगी काढून, तिथल्या मूळ रहिवासी जमातींशी लढायला, फक्त शंभर दिवसांच्या बोलीवर ‘तिसरी कोलोरॅडो कॅव्हलरी’ उभी केली. मुदत सरत आली तरी म्हणावी अशी लढाई होईना. लोक तिला ‘रक्त न सांडलेली तिसरी’ म्हणून हिणवू लागले. त्या हिणवण्यानं आणि हातात उरलेल्या मोजक्या दिवसांनी घात केला, असं मला वाटतं.

२९ नोव्हेंबरची पहाट. तिसरीचा कर्नल जॉर्ज शूप असला, तरी सगळी सूत्रं कर्नल शिव्हिंग्टनकडे; हा एकेकाळचा धर्मोपदेशक. जवळपास पावणेसातशे स्वार आणि तोफा घेऊन तो सँड क्रीककाठच्या शायेन व अरापाहो या मूळ रहिवासी जमातींच्या तळावर तुटून पडला. आपण लष्कराच्या अभयाखाली आहोत, असं तळावरची माणसं समजत होती. म्होरक्या ब्लॅक केटलनं अमेरिकेचा झेंडा उभारला, सोबत पांढरं निशाण. उपयोग झाला नाही. लोक ओढ्याच्या वरच्या अंगाला पळाले, हातांनी वाळू उकरून खड्ड्यांत लपले. सुमारे २३० जण मारले गेले. बहुतेक बायका, मुलं, म्हातारे.

पहिल्या कोलोरॅडो रेजिमेंटच्या कॅप्टन सायलस सोलनं मात्र आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही. त्या दिवसातलं खरं धैर्य मला तिथे दिसतं. पुढे या हल्ल्याच्या चौकशीत त्यानं साक्षही दिली.

डिसेंबर सरता सरता तिसरी मोडली. शिव्हिंग्टननं लष्कर सोडलं होतं, त्यामुळे त्याच्यावर कोर्ट मार्शल झालंच नाही. शूप पुढे आयडाहोचा गव्हर्नर झाला. सोलला एप्रिल १८६५मध्ये डेन्व्हरच्या रस्त्यात गोळी घातली गेली. वय सव्वीस, लग्नाला महिनाही झाला नव्हता.

परतल्यावर रिव्हरसाइड दफनभूमीत त्याची कबर शोधून काढली. दरवर्षी नोव्हेंबरात शायेन-अरापाहो धावक सँड क्रीकहून डेन्व्हरला येतात, तेव्हा या कबरीपाशी थांबतात. यंदा त्यांच्या वाटेवर पाणी घेऊन उभं राहायचं आम्ही घरच्यांनी ठरवलं आहे.