पायांपासून वर

पंढरपूरला दर्शनाच्या दोन रांगा असतात. मुखदर्शनाची रांग भराभर सरकते. लांबून विठ्ठलाचा चेहरा दिसतो, हात जोडले जातात आणि माणूस बाहेर पडतो. पदस्पर्शाची रांग आषाढीच्या सुमारास तासन्‌तास चालते आणि शेवटी, मागच्या गर्दीच्या रेट्यात, डोकं जेमतेम क्षणभर पायांवर टेकतं. तेव्हा मान खाली असते, चेहरा नीट दिसतही नाही. तरी माणसं त्याच रांगेत उभी राहतात. विठ्ठलाच्या चित्रांची छोटी पुस्तिका करायला घेतली तेव्हा कागद, शाई, आकार यांच्याही आधी मला हे ठरवायचं होतं, की पुस्तिका हातात घेणाऱ्याला मी कुठल्या रांगेत उभं करणार आहे.

अशा पुस्तिकेला आता झीन म्हणतात. चित्रं स्वतः काढायची, परवडेल तशी छापून घ्यायची, घरी बसून शिवायची आणि आपल्याच हातानं लोकांना द्यायची. मध्ये प्रकाशक नाही, दुकान नाही. माझी पुस्तिका तळहातावर मावते, साधारण १०.५ बाय १५ सेंटिमीटर. आत सोळा पानं, एकच काळा रंग. अख्खा विठ्ठल तिच्यात कुठेच नाही. तिसऱ्या पानावर पाय आहेत, मग पिंढऱ्या, गुडघे, कमरेवरचे हात, छातीवरची तुळशीमाळ, कानांतली मकरकुंडलं, आणि चौदाव्या पानावर चेहरा. मूर्ती पाहणाऱ्याच्या मनात जुळते. ती जुळायला जो वेळ लागतो तो मला फार मोलाचा वाटतो, कारण देवाचं पूर्ण चित्र आपल्याकडे इतकं सवयीचं झालं आहे, की कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, रिक्षाच्या काचेवर आपण ते पाहतच नाही. नुसते दोन पाय समोर आले की नजर थांबते.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सुट्या चित्रांची पोथी सांभाळतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. वीणा, हुडुक, टाळांच्या साथीनं कथा सांगताना कथेकरी एकेक चित्र उचलून समोर धरतो. किती वेळ थांबायचं, कुठे पान पालटायचं हे त्याचा गळा ठरवतो. माझ्या पुस्तिकेशेजारी गाणारं कुणी बसलेलं नसणार. म्हणून थांबवण्याचं आणि पुढे नेण्याचं सगळं काम घडीला आणि शिवणीला करावं लागतं. मला या कामातला खरा अभ्यास तिथेच दिसतो. चित्र चांगलं काढता येणं ही त्याची अर्धी बाजू झाली.

सोळा पानं म्हणजे मधोमध दुमडलेले चार कागद. दुमडण्याआधी ते सपाट पसरले तर पानं भलत्याच क्रमानं शेजारी येतात. सोळाव्याशेजारी पहिलं, दुसऱ्याशेजारी पंधरावं, बाराव्याशेजारी पाचवं. छापखान्यात हे गणित रोजचंच. पण डमीवर आकडे टाकताना मला दिसलं की चौदावं आणि तिसरं पान एकाच कागदाच्या एकाच बाजूला येतं. चेहरा आणि पाय शेजारी शेजारी. पदस्पर्शाच्या वेळी भक्ताचं डोकं पायांशी असतं. इथे देवाचाच चेहरा त्याच्या पायांशी आला होता. पुस्तिका शिवून झाली की हे कुणालाच कळत नाही, मधे दहा पानांचं अंतर पडतं. पण तो कागद दुमडताना दर वेळी माझा हात सावकाश चालतो.

आणखी एक गोष्ट घडीच शिकवते. समोरासमोरच्या पानांपैकी फक्त मधली जोडी, आठ आणि नऊ, एका सलग कागदाची असते. बाकी सगळीकडे डावं पान एका कागदाचं, उजवं दुसऱ्याचं. दुमडण्यात मिलिमीटरभर फरक पडतोच आणि मधून जाणारी रेघ तुटते. म्हणून कुंडलांच्या पानांवर एकही रेघ मी मधल्या घडीपर्यंत नेली नाही, दोन कान दोन पानांवर मोकळे ठेवले. सलग रेघ लागते ती कमरेला, तेव्हा कमर मध्यावरच यायला हवी होती. डाव्या पानावर कमळाचा देठ धरलेला त्याचा उजवा हात, उजव्या पानावर शंख धरलेला डावा. शिवणीला तीन भोकं. त्यातलं मधलं बरोबर नाभीवर येतं. तिथून दोरा आत जातो आणि तिथेच गाठ बसते. तारेची पिन मी वापरत नाही. पावसाळ्यात ती गंजते, तिचा तांबूस डाग कागदात उतरतो, आणि वारीची पुस्तिका पावसात फिरणारच.

कागद साधा, शंभर जीएसएमचा नॅचरल शेड मॅपलिथो. चकचकीत आर्ट पेपरवर काळा रंग जास्त खोल दिसतो, मान्य आहे. पण त्या कागदावर गोपीचंदन ठरत नाही. छपाई झाल्यावर प्रत्येक प्रतीत चौदाव्या पानावरच्या कपाळी मी कुंचल्यानं गोपीचंदनाचा टिळा लावते. गोपीचंदन उगाळायचं आणि त्यात थोडं डिंकाचं पाणी घालायचं. डिंक जास्त झाला तर टिळा काचेसारखा कडक होतो आणि तडकतो. मी तो जरा कमीच ठेवते. मग टिळ्याचा अंश समोरच्या पंधराव्या पानावर उतरतो, आणि कपाळाला बोट लावणाऱ्याच्या बोटावरही. पंधरावं पान त्यासाठी कोरं ठेवलं आहे.

राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना मुंबईत १८९४ साली सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगाचा वेगळा दगड, असे थरावर थर छापून निघालेले देव घरोघरी भिंतींवर आणि देव्हाऱ्यांत गेले. त्यातल्या काही छापांवर लोकांनी जर टाचली, टिकल्या लावल्या, लक्ष्मीला खऱ्या कापडाचं पातळ नेसवलं. चित्रांच्या इतिहासात रविवर्म्यांच्या रंगांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला ती टाचलेली जर जास्त शिकवते. यंत्रातून आलेला सारखा कागद माणसाला अपुरा वाटला, आणि देव आपला व्हावा म्हणून त्यानं सुई हातात घेतली.

छपाईच्या दिवशी एक प्रश्न उभा राहतो, तो इतर कुठल्या पुस्तकात येत नाही. ऑफसेट यंत्रावर शाई सारखी बसेपर्यंत बरेच कागद वाया जातात. काही फिके, काही डागाळलेले, काही तिरके. एरवी ते रोलर पुसायला वापरतात किंवा रद्दीत जातात. यांच्यावर तर विठ्ठलाचे पाय. पेठेतल्या ज्या छापखान्यात मी जाते, तिथल्या मशीनवर काम करणाऱ्या काकांनी मी काही बोलायच्या आतच ते वेगळे काढून शाईच्या डब्यांवरच्या फळीवर रचले होते. म्हणाले, "हे आम्ही टाकत नाही ताई. तुम्ही घेऊन जा, काय करायचं ते तुम्हीच करा."

जुन्या पोथ्या नदीत सोडायची आपली रीत आहे, पण आजच्या नद्यांत शाईचा कागद सोडायला माझं मन धजत नाही. मी ते कागद फाडून भिजत घालते. मॅपलिथोचा लगदा दुबळा असतो, म्हणून जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या कुटून त्यात मिसळते. पुण्यातल्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांचाच कागद होतो, तिथे पाहून हे सुचलं. शाईमुळे लगदा करडा होतो. त्यात गेरू घालते, जाळीच्या चौकटीवर ताव उचलते, वाळल्यावर खळ देते. तोच पुस्तिकेचा पुठ्ठा. खडबडीत, विटकरी, त्यावर नाव नाही, चित्र नाही. ही वीट. बिघडलेले पाय आणि चेहरे तिच्यात मिसळून गेलेले आहेत, आणि आतले पाय तिच्यावर उभे आहेत.

पूर्ण चित्र नसल्याबद्दल काहीजण हळहळतात. एक मोठं, रंगीत, फ्रेम करण्याजोगं पान मधे घाला असं सुचवतात. मी ते घालणार नाही. भिंतीवर टांगायला विठ्ठल पुष्कळ आहेत.

सध्या रखुमाईच्या पुस्तिकेची डमी चालू आहे. पंढरपुरात तिचं देऊळ त्याच आवारात, पण वेगळं. ती रुसून दिंडीरवनात गेली ही कथा तर सगळ्यांना ठाऊक. आधी वाटलं, दोन पुस्तिका पाठीला पाठ लावून एकाच पुठ्ठ्यात शिवाव्यात, रुसवा आपोआप दिसेल. पण तसं केलं तर एक उघडलेली असताना दुसरी टेबलावर पालथी पडते. रखुमाईला पालथं ठेवणं मला जमणार नाही. म्हणून आता तीन पट्ट्यांचा रुंद पुठ्ठा घेतला आहे. डाव्या घडीत तो, उजव्या घडीत ती, आणि दोघांची पानं दाराच्या दोन फळ्यांसारखी बाहेर उघडतात. तिची पानं त्यामुळे उलट दिशेनं मोजावी लागतात, तिसरं पान चौदाव्याच्या जागी जातं, आणि सगळी मांडणी आरशात पाहिल्यासारखी नव्यानं करावी लागते. तिचेही हात कमरेवरच आहेत. दोन्ही पुस्तिका मध्यावर उघडल्या की चार हात एका ओळीत यायला हवेत. सध्या तिचे थोडे वर येतात. ते जरा खाली काढून पाहते आहे.