मोडेमची दुसरी किल्ली

बँकेत तिजोरीच्या किल्ल्यांचा नियम आम्ही व्रतासारखा पाळत असू. एक जोडी दोन अधिकाऱ्यांत विभागलेली, दुसरी परक्या शाखेत ठेवलेली. उपग्रहाच्या मोडेमचा परवलीचा शब्द मात्र बहुधा तो बसवणाऱ्या तंत्रज्ञाच्या वहीतच राहतो. माझ्या मामेभावाकडेही तसेच झाले होते.

मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखरे लागते. तेथे त्याचे किराणा दुकान आहे आणि त्यातच बँकेचे ग्राहक सेवा केंद्र. मोबाइलची रेंज दुकानात टिकत नाही, म्हणून छपरावर थाळी. श्रावणबाळ योजनेच्या पैशांसाठी वाड्यांवरच्या वृद्धा पायी येतात. अंगठा टेकवला की संदेश सुमारे ३६ हजार किलोमीटर वर जातो, तितकाच खाली येतो. उत्तरही त्याच वाटेने. प्रकाशाच्या वेगानेही या येरझारेला अर्धा सेकंद लागतो.

गेल्या भाद्रपदात जोडणी वरचेवर तुटू लागली. तंत्रज्ञ चार दिवसांनी येणार होता आणि म्हाताऱ्या बायका दोनदा रिकाम्या हाताने परतल्या होत्या. भावाने तासभर फोनवर स्वतःची ओळख पटवून नवा परवलीचा शब्द मिळवला. मग आम्ही संगणक तारेने मोडेमला जोडला आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ हा पत्ता टाकला. (प्रत्येक मोडेमचा पत्ता हाच असेल असे नाही; तो बहुधा पाठीवरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो.) उघडलेल्या पानावरच्या अनेक रकान्यांपैकी आम्हाला एकच हवा होता : सिग्नलची प्रत.

तो आकडा दोन दिवस दर तासाला टिपला. मुसळधार पावसात तो घसरे आणि सर ओसरली की सावरे, ते स्वाभाविकच. परंतु निरभ्र दुपारी, वारा सुटला की तो हेलकावे खाई. भारताचे हे उपग्रह विषुववृत्तावर, म्हणजे आपल्या दक्षिणेस. थाळीच्या दक्षिणेला पाहिले, तर आंब्याची फांदी पावसाळ्यात वाढून आडवी आली होती. तोडणे जिवावर आले. दोरीने मागे ओढून बांधली. आकडा वर गेला.

थाळीला मात्र आम्ही हात लावला नाही. ती नुसती ऐकत नाही, बोलतेही. तिची दिशा चुकली तर शेजारच्या उपग्रहाच्या कामात व्यत्यय येतो. ते काम तंत्रज्ञाचेच.

परवलीचा शब्द आता मोहोरबंद पाकिटात वहिनींकडे असतो. दुकान उघडताना त्या रोज तो आकडा उधारीच्या वहीच्या मागल्या पानावर लिहितात.