गोल खाल्ला म्हणून कार्ड नाही!

मुलांनो, फुटबॉलमधली पिवळी आणि लाल कार्डं तुम्ही टीव्हीवर पाहिलीच असतील. ती आली कुठून, ठाऊक आहे? 1966 साली इंग्लंडमध्ये विश्वचषक चालू होता. वेम्बलीच्या मैदानावर इंग्लंड आणि अर्जेंटिना समोरासमोर. जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कप्तान रॅटिन याला बाहेर जायला सांगितलं. पण पंचांना स्पॅनिश येईना, कप्तानाला जर्मन कळेना! कितीतरी मिनिटं गडी हलेचना. पंचांची व्यवस्था पाहणारे केन ॲस्टन यांच्या डोक्यात हे घोळत राहिलं. गाडीतून घरी जाताना समोरचा सिग्नल पिवळा झाला, मग लाल झाला, आणि त्यांना कल्पना सुचली. पिवळं म्हणजे जपून, लाल म्हणजे बाहेर! 1970 च्या मेक्सिको विश्वचषकात ही कार्डं पहिल्यांदा आली. गंमत म्हणजे त्या अख्ख्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघालं नाही.

घरी तर सगळे मराठीच बोलतात. तरी रॅटिनसारखी आपली गत होते, होते ना? ओला टॉवेल गादीवर टाकला, एवढंच असतं. पण आई बोलायला लागली की गेल्या दिवाळीत फुटलेली बरणी येते, मामाकडे केलेला हट्ट येतो, शेजारच्या मुलाचं सुंदर अक्षर येतं. टॉवेल बिचारा गादीवरच!

म्हणून आमच्या घरी आम्ही हॉकीचा नियम आणला. हॉकीत हिरवं कार्ड मिळालं की खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो, पिवळं मिळालं की निदान पाच मिनिटं. वेळ संपली की परत मैदानात, आणि झालं गेलं कोणी काढत नाही. आमच्याकडे लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून हिरवी-पिवळी कार्डं केली. लाल केलंच नाही. घरातून बाहेर कोणाला काढायचं? "घर आहे की मैदान?" असं सासूबाई आधी म्हणाल्या. आता घड्याळ लावून मिनिटं त्याच मोजतात.

पहिल्या आठवड्यात हिरवं कार्ड कोणाला मिळालं असेल? मुलांच्या बाबांना! जेवताना मोबाइल हातात घ्यायचा नाही, हा नियम सगळ्यांनी मिळून केला होता. धाकटीनं कार्ड दाखवलं. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी आमटीकडे. मग उठून ते कोपऱ्यातल्या पाटावर जाऊन बसले. त्या दिवसापासून मुलांचा या खेळावर विश्वास बसला.

पण आईबाबांनो, आता तुमच्यासाठी एक गोष्ट सांगते. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. गणिताच्या चाचणीत त्याला 20 पैकी 7 मार्क मिळाले. शाळा सुटल्यावर सगळी मुलं पळाली, हा बाकावरच बसून. म्हणाला, "बाई, आज मी इथंच थांबू का?" पेपर दाखवला की घरी मार बसायचा. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं. गृहस्थ गावच्या मंडळात कबड्डी खेळलेले. मी विचारलं, "दादा, चढाईत पकडला गेलेल्या गड्याला तुम्ही काय शिक्षा करता?"

"शिक्षा कसली, बाई? तो बाद होतो. आपल्या संघानं समोरचा गडी मारला की हा जिवंत होऊन परत आत येतो."

"मग सात मार्क म्हणजे पकड झाली समजा. त्यानं फाउल कुठं केलाय?"

ते काही बोलले नाहीत. टोपी हातात फिरवत बसले. पुढच्या चाचणीत त्याला नऊ मिळाले, आणि तो पेपर सहीसह दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावर आला.

मुलांनो, हरणं वेगळं आणि फाउल वेगळा. दूध सांडलं, कॅच सुटला, स्पेलिंग चुकलं, याला कार्ड नाही. खोटं बोललात, धाकट्याला चिमटा काढलात, तर आहे!

तुमच्या घरी करून बघायचं असेल तर रविवारी सगळे एकत्र बसा. जुन्या कॅलेंडरच्या मागं नियम लिहा, तीनच पुरेत. त्यातला एक मोठ्यांसाठी हवाच. आणि खाली आजीची सही घ्यायला विसरू नका.