बांधावरचा आंबा

पहिला पाऊस धरला की तानसाच्या खालच्या अंगाला भातखाचरांत वलगणीचे मासे चढतात. बांधावरच्या रायवळाचा उरलासुरला आंबा टपकन पाण्यात पडतो, खालून कुणीतरी ओढल्यासारखं पाणी हलतं. तेवढ्यानं मला ती आठवते.

तीही भाताच्याच मुलखातली. संगमकाळच्या तमिळ कवींनी अशा भूमीला 'मरुदम्' म्हटलं आणि तिच्या वाट्याला रुसवा दिला. नवरा परत्तैकडे, म्हणजे गणिकेकडे जातो, घरची रुसते. 'कुरुंतोहै'तल्या आठव्या कवितेत मात्र बोलते ती परत्तैच. त्याच्या गावी पिकला आंबा तळ्यात पडतो, मासा आयता गिळतो, असं सांगत ती त्याची टर उडवते. आमच्या दारी बाता मारणारा हा गडी घरी गेला की आरशातली बाहुली होतो. समोरून हात हलला की हात हलवतो, पाय हलला की पाय. कुणासमोर? त्याच्या मुलाच्या आईसमोर.

ऐकणारे हसतात. मी त्या शेवटच्या शब्दांशी अडखळतो. 'मुलाची आई' म्हणताना तिच्या घशात काय दाटलं असेल?

तिचं स्वतःचं नाव मात्र कुठेच नाही. इकडे मुरबाडवरून वैशाखऱ्याला गेलं की वर नाणेघाट. तिथल्या लेण्यातले सातवाहनांचे पुतळे गेले, पण दगडावर नागनिका राणीचं नाव राहिलं. त्याच कुळातल्या हालानं महाराष्ट्री प्राकृतात 'गाथासप्तशती' जमवली. तीत कुलवधू आहेत, गणिकाही आहेत, पण बहुतेक बिननावाच्या. तमिळ प्रेमकवितेचा तर दंडकच होता, नाव कुणाचंच घ्यायचं नाही. तरी घरच्या बाईपाशी नातं उरायचं. हिच्यापाशी हसू उरलं.

बाई, तुझ्यासाठी कुणी रडल्याचं त्या कवितेत नाही. म्हणून इथे, या बांधावर, दोन घटका थांबतो.

समोर तानसाचं धरण. ते आमच्या उशाशी, पाणी मात्र १८९२ पासून मुंबईचं. महिन्याभरापूर्वी आसपासच्या पाड्यांवरच्या बाया डोईवर हंडे घेऊन लांबच्या विहिरीची वाट तुडवत होत्या. जवळ असणं आणि आपलं असणं, यांतलं अंतर त्यांच्या पायांना ठाऊक आहे.

तू ते हसत चाललीस.

टपकन आणखी एक आंबा पडला.